शब्दांची कुळकथा : पहाऱ्याचे शब्द

ह्या सदरात आपण बहुधा घरातल्या, माजघरातल्या आणि देवघरातल्या शब्दांची कुळे शोधीत आलो. आज वाचकांस थोडे दूर, युरोपच्या आग्नेय भागात, डॅन्यूब नदीच्या काठी न्यावयाचे आहे. तेथे रोमानिया नावाचा देश आहे. त्या देशाच्या जुन्या भाषेत पहाऱ्यास, पहारेकऱ्यास आणि ज्या चौकीत किंवा बुरुजावर तो उभा राहतो त्या जागेसही ‘काराऊला’ असे म्हणत. आज तो शब्द तेथेही जुना झाला असून कोशकार त्याच्यापुढे ‘जुना’ अशी खूण करतात. परंतु ह्या एका शब्दाचा माग काढू लागले म्हणजे त्याच्या मागोमाग त्याची भावंडे येतात, आणि त्या सर्वांना एकत्र बसविले की एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. जो मनुष्य रात्रभर जागून आपले रक्षण करतो, त्याचे नाव आपल्या मातृकुळातील नसून परक्याकडून आलेले असावे, हे कसे?

हा प्रश्न रोमानियन भाषेस विचारण्याचे कारण असे की, ती लॅटिनची कन्या आहे. देशाचे नावच रोमवरून पडलेले आहे. लॅटिन आणि संस्कृत ह्यांचे नाते वाचकांस ठाऊकच आहे, तेव्हा ह्या कन्येच्या मुखातील नित्याचे शब्द आपणांस अगदीच अनोळखी वाटणार नाहीत. आपले द्वि, त्रि, सप्त, दश तेथे दोय, त्रेय, शाप्ते, झेचे असे म्हणतात. आपले ‘नाम’ तेथे ‘नुमे’ आहे. आपल्या ‘नक्त’ शब्दाची, म्हणजे रात्रीची, तेथील बहीण ‘नोआप्ते’ होय. संख्या, नाव, रात्र, इतके सारे आईकडून आले. मग रात्री जो पहारा करावयाचा त्याचे नावही आईकडूनच यावयास हवे होते.

आईकडे ते नाव नव्हते असे मात्र नाही. लॅटिनमध्ये टेहळणीच्या उंच जागेस ‘स्पेकुला’ म्हणत. पाहणे ह्या अर्थाच्या धातूपासून तो शब्द झाला आहे, आणि तोच धातू आपल्याकडे ‘स्पश्’ ह्या रूपाने वेदकाळापासून नांदत आहे. ऋग्वेदात वरुणाचे जे हेर सर्व जगावर दृष्टी ठेवतात, त्यांस ‘स्पश’ असेच म्हटले आहे. आपण रोज उच्चारतो तो ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच मुळाचा. जे नीट पाहिले गेले, ते स्पष्ट. ‘पश्यति’ हे रूप विद्यार्थी पहिल्या इयत्तेत घोकतात, तेही त्याच धातूचे, केवळ आरंभीचा सकार गळालेला. तेव्हा वरुणाचा स्पश आणि रोमन सैनिकाचा स्पेकुला हे एकाच घरातील होत.

हे बुरूज डॅन्यूबच्या काठी प्रत्यक्ष उभेही होते. रोमचा सम्राट ट्राजन ह्याने इ. स. १०६ मध्ये नदीच्या उत्तरेकडील डेशिया हा प्रांत जिंकला, आणि त्या विजयाचे स्मारक म्हणून रोम नगरीत उभारलेला कोरीव स्तंभ इ. स. ११३ मध्ये पुरा झाला. तो स्तंभ आजही उभा आहे. त्यावरील चित्रपट्टिकेचा आरंभ लढाईने होत नाही, राजसभेनेही होत नाही. तो नदीकाठच्या टेहळणी बुरुजांनी होतो. लाकडी कुंपणाच्या आत चौकोनी बुरूज, वरच्या मजल्यास सज्जा, आणि सज्ज्यातून बाहेर काढलेला पलिता. शत्रू नदी उतरताना दिसला की एका बुरुजावरील ज्वाला पाहून दुसऱ्याने सावध व्हावे, अशी ती योजना. पुढे इ. स. २७० नंतर थोड्याच वर्षांत सम्राट ऑरेलियन ह्याने डेशियातून सैन्य काढून घेतले, आणि साम्राज्याची सीमा पुन्हा डॅन्यूबवर आली. सैन्य गेले, भाषा राहिली. पण भाषा राहिली तरी स्पेकुला राहिला नाही. बुरूज ज्यांच्या हुकमाने उभे होते ते निघून गेल्यावर त्या बुरुजांचे नाव घेण्याचे लोकांस कारण उरले नाही.

सहाव्या-सातव्या शतकांत त्या प्रदेशात स्लाव लोक आले. त्यांच्या भाषेतून रोमानियनांनी पहाऱ्यासाठी पहिला नवा शब्द घेतला, तो ‘स्त्राझा’. रक्षण करणे ह्या अर्थाच्या स्लाव धातूपासून तो झाला आहे. पुढे कित्येक शतके रोमानियन लोकांची धर्मभाषा आणि दरबारी लेखनाची भाषाही स्लावच होती, म्हणून हा शब्द केवळ शिपायांच्या तोंडी न राहता प्रार्थनेतही शिरला. जुन्या रोमानियन धर्मग्रंथांत रात्रीचे भाग ‘स्त्राझा’ ह्याच शब्दाने मोजलेले आहेत. पहाटेचा प्रहर म्हणजे ‘पहाटेची स्त्राझा’.

येथे आपल्याकडील वाचकास आपल्या ‘पहारा’ ह्या शब्दाची आठवण होणे साहजिक आहे. पहारा हा ‘प्रहर’ शब्दाचा वंशज. अहोरात्राचे आठ प्रहर. एकेका प्रहरापुरता जो जागतो तो प्राहरिक किंवा प्रहरी. ‘याम’ म्हणजेही प्रहर, म्हणून रात्रीचा रखवालदार तो ‘यामिक’, आणि रात्रीस ‘त्रियामा’ हे नाव. रोमन छावणीतही रात्रीचे चार भाग करीत आणि एकेका भागास ‘विगिलिया’, म्हणजे जागरण, असे म्हणत. आपण काळावरून पहारेकऱ्यास नाव दिले, त्यांनी पहाऱ्यावरून काळास नाव दिले. दोहींकडे मूळ अनुभव एकच आहे. घड्याळ नसलेल्या रात्री काळ किती सरला हे निजलेल्यांस कळत नाही, जागणाऱ्यास कळते. आणि एक थकून दुसरा उभा राहिला म्हणजे एक प्रहर झाला. रात्रीचे मोजमाप कोणाच्या तरी जागण्याने होत आले आहे.

आता ‘काराऊला’. ह्या शब्दाचे माहेर मात्र डॅन्यूबपासून फार दूर, मध्य आशियाच्या गवताळ माळरानात आहे. मंगोल भाषेत ‘खरा’ अशा उच्चाराच्या धातूचा अर्थ पाहणे असा आहे. त्यापासून टेहळणी करणाऱ्यास ‘कराऊल’ म्हणत. चिंगीजखानाच्या घराण्याची जी तेराव्या शतकातील कथा ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे, तीत सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूचा सुगावा घेणाऱ्या स्वारांस हेच नाव आहे. आजच्या मंगोल भाषेतही पहारेकरी तो ‘खारूल’. म्हणजे धातू निराळा असला तरी अर्थाची वाट तीच, जी आपल्या ‘स्पश’ शब्दाची. जो पाहतो तो राखतो.

मंगोल घोडेस्वार जिकडे जिकडे गेले, तिकडे तिकडे हा शब्द गेला. इ. स. १२४१ मध्ये ते हंगेरीपर्यंत पोहोचले. त्यांच्यापासून तुर्कांनी शब्द उचलला, तुर्कांपासून इराण्यांनी. रशियन भाषेत तो ‘कराऊल’ ह्याच रूपाने आजही आहे, आणि तेथे त्याची एक विलक्षण दशा झाली. संकटात सापडलेला मनुष्य ‘कराऊल!’ असा टाहो फोडतो, म्हणजे ‘धावा, वाचवा!’ ज्यास हाक मारावयाची त्याचे नावच हाक होऊन बसले. सर्बियात ‘कारौला’ म्हणजे सरहद्दीवरील चौकी. ग्रीक भाषेत ‘काराऊली’ म्हणजे टेहळणी. तुर्कस्तानात ‘कराकोल’ असे रूप होऊन त्याचा अर्थ पोलिसांचे ठाणे असा झाला आहे. तुर्की भाषेत ‘करा’ म्हणजे काळा आणि ‘कोल’ म्हणजे बाहू, म्हणून हा ‘काळा बाहू’ असावा असे कोणासही वाटेल. परंतु ती केवळ ध्वनीची भूल होय. मूळ शब्द विसरला की लोक आपल्या भाषेतील ओळखीचे तुकडे जोडून त्यास नवा अर्थ देतात, हा भाषेचा नेहमीचा खेळ आहे.

ह्याच शब्दाची एक शाखा आपल्या देशातही आली, हे येथे सांगितले पाहिजे. बाबर बादशहाने आपले आत्मचरित्र तुर्कीत लिहिले, आणि त्याच्या वंशजांच्या फौजेत पुढे जाऊन शत्रूचा ठाव घेणाऱ्या स्वारांस ‘करावल’ म्हणत. बादशाही शिकारीत जनावराचा माग काढणारे लोकही करावल, आणि त्यांचा मुख्य तो ‘करावलबेगी’. इ. स. १६८१ पासून १७०७ पर्यंत औरंगजेबाची छावणी दक्षिणेत होती, तेव्हा मोगली फौजेबरोबर हा शब्द आपल्या डोंगरांपर्यंत पोहोचला. मराठ्यांनी आपल्या सैन्याच्या आघाडीस ‘बिनी’ म्हटले आणि गावोगाव ‘चौकी’, ‘ठाणे’, ‘पहारा’ हे आपले जुने शब्द चालविले, म्हणून करावल आपल्या बोलण्यात रुजला नाही. पण क्षणभर विचार करावा. एकाच शतकात, एकाच शब्दाने हाक मारल्यावर डॅन्यूबच्या काठचा शिपाई आणि भीमेच्या काठचा स्वार, दोघेही मागे वळून पाहू शकले असते.

रोमानियनांकडे हा शब्द उस्मानी तुर्कांबरोबर आला. वालाखिया आणि मोल्डाविया ही त्यांची दोन संस्थाने पंधराव्या शतकापासून तुर्की सुलतानास खंडणी देऊ लागली. त्यांची स्वतःची गादी होती, स्वतःचा धर्म होता; परंतु डॅन्यूबच्या उत्तर काठावरील जुर्जू, ब्राइला, तुर्नू असे मोक्याचे किल्ले तुर्कांनी आपल्या शिबंदीखाली ठेवले होते, ते इ. स. १८२९ च्या तहाने सुटले. इतकी शतके ज्यांचा हुकूम नदीकाठी चालला, त्यांचाच शब्द नदीकाठच्या चौकीस चिकटला. नैर्ऋत्य रोमानियात दोल्ज जिल्ह्यामध्ये ‘काराऊला’ ह्या नावाचे एक गाव आजही आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या हाती येते. ज्याचा हुकूम, त्याचा शब्द. पहारा करणारा गावचाच असतो, थंडीत त्याचीच बोटे गारठतात, पण कोठे उभे राहावयाचे, कोणास अडवावयाचे आणि कोणास जाऊ द्यावयाचे हे ठरविणारा दुसरा असतो. चौकीस नाव तो देतो. म्हणूनच रोमानियन कोशात पहाऱ्याच्या शब्दांचे थर पाहिले की त्या देशावर कोणाकोणाची सत्ता आली ह्याची यादीच वाचावयास मिळते. ‘स्त्राझा’ स्लावांचा, ‘काराऊला’ तुर्कांचा. बुरूज ह्या अर्थाचा ‘तुर्न’ जर्मन भाषेतून आलेला. उंच सज्ज्याचा ‘फोइशोर’ हंगेरियन. आणि एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांचे अनुकरण सुरू झाले तेव्हा सरहद्दीवरील चौकीस ‘पिकेत’ हे फ्रेंच नाव पडले.

परंतु उत्तराची दुसरी बाजू अधिक कटू आहे, आणि तीही एका शब्दानेच सांगता येते. तुर्की अमलात रात्री गस्त घालणाऱ्यास ‘पझवान्त’ म्हणत. हा मूळचा फारसी ‘पासबान’. त्यातील ‘बान’ आपल्या ओळखीचा आहे. दरवान, बागवान ह्यांत तोच आहे, आणि संस्कृतातील ‘पा’ म्हणजे रक्षण करणे ह्या धातूशी त्याचे सख्खे नाते आहे. ‘गोप’, ‘नृप’, ‘भूप’ ह्यांतील पकार तोच. अशा ह्या पवित्र धातूच्या कुळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, डॅन्यूबच्या दक्षिण काठी विदिन शहरात उस्मान पझवान्तोग्लू नावाचा सरदार उदयास आला. पझवान्तोग्लू म्हणजे ‘पहारेकऱ्याचा मुलगा’. ह्या पहारेकऱ्याच्या मुलाने सुलतानाविरुद्ध बंड केले, विदिन आपल्या मुठीत ठेवले, आणि त्याच्या टोळ्या नदी उतरून वालाखियाच्या पश्चिम भागात लूट करू लागल्या. इ. स. १८०० मध्ये त्यांनी क्रायोवा शहर लुटून जाळले. इ. स. १८०२ मध्ये तो बुखारेस्टवर येत आहे अशा वार्तेनेच राजधानीत पळापळ झाली. आणि प्रजेच्या रक्षणासाठी गादीवर बसलेला राजा मिहाइ सुत्सू हाही डोंगरांपलीकडे निघून गेला. कुंपणानेच शेत खावे असे आपण म्हणतो, ते ह्याहून निराळे काय असते?

त्या काळी त्या भागातील जमीनदारांनी आपल्या वाड्यांस जे रूप दिले, त्यास ‘कुला’ म्हणतात. हा शब्दही तुर्कीतून आलेला. तुर्कीत ‘कुले’ म्हणजे बुरूज, आणि त्याचे मूळ शिखर ह्या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. कुला म्हणजे घर आणि चौकी ह्यांचा संकर. दोन-तीन मजली चौकोनी इमारत, जाड भिंती, तळमजल्यास खिडकी नाही, केवळ बंदूक रोखण्यापुरत्या फटी, भक्कम दार, आतून अरुंद जिना, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर खांबांची व कमानींची सुंदर ओसरी. खाली भय आणि वर शोभा. ज्या ओसरीत संध्याकाळी घरची माणसे वारा खात बसत, तेथूनच दूरची धूळही दिसे. आपल्याकडील देशमुखांच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस ही कल्पना सहज येईल. अशा थोड्याच कुला आता उभ्या आहेत; मल्दरेश्ती गावातील दोन विशेष प्रसिद्ध असून त्या पाहण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत.

त्या दोहोंपैकी एक कुला पुढे इओन दुका ह्या राजकारणी पुरुषाच्या मालकीची झाली. इ. स. १९३३ च्या नोव्हेंबरात तो रोमानियाचा पंतप्रधान झाला. त्या काळी देशात ज्यूंचा द्वेष आणि हिंसा ह्यांवर पोसलेली एक संघटना माजली होती. दुकाने तिच्यावर बंदी घातली. २९ डिसेंबर १९३३ रोजी सिनाया येथील रेल्वे-स्थानकावर त्या संघटनेच्या तिघांनी त्यास गोळ्या घातल्या. ह्या संघटनेचे नाव काय होते? ‘गार्दा दे फिएर’, म्हणजे ‘लोखंडी पहारा’. बंदूक रोखण्याच्या फटी असलेल्या घराचा मालक उघड्या फलाटावर, स्वतःस पहारेकरी म्हणविणाऱ्यांच्या हातून मेला. त्याच दशकात राजा दुसरा कारोल ह्याने तरुणांस आपल्याकडे ओढण्यासाठी जी सरकारी संघटना काढली, तिचेही नाव ‘स्त्राझा त्सरी’, म्हणजे ‘देशाचा पहारा’. जो तो देशाचा पहारेकरी होऊ पाहत होता. अशा वेळी शब्दाच्या अभ्यासकाने सावध व्हावे. रक्षण ह्या शब्दाचा घोष जेथे फार चालतो, तेथे रक्षण कोणाचे आणि कोणापासून, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून राहू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या प्रश्नास आणखी भयंकर रूप आले. देशात साम्यवादी राजवट आली आणि सरहद्दीवरील ‘पिकेत’ कायम राहिले, पण त्यांची दृष्टी उलटी फिरली. एकोणिसाव्या शतकात, १८३० नंतर, ह्याच नदीकाठी चौक्यांची रांग होती आणि प्लेगसारखी साथ पलीकडून येऊ नये म्हणून तेथे माणसे व माल अडवून ठेवीत. त्या चौक्यांनी बाहेरून येणाऱ्यास अडविले. आता आतून जाणाऱ्यास अडविण्यात येऊ लागले. युगोस्लाव्हियाच्या बाजूस जाता यावे म्हणून कित्येक रोमानियन रात्री डॅन्यूबमध्ये उतरले. काही पोहून गेले, काही बुडाले, काही आपल्याच देशाच्या पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेले. हे इ. स. १९८९ च्या अखेरीस राजवट कोसळेपर्यंत चालले. ट्राजनच्या स्तंभावरील पलित्यांपासून ह्या चौक्यांपर्यंत अठराशे वर्षे लोटली. बुरूज तोच, नदी तीच, परंतु ज्याच्यासाठी बुरूज उभारावयाचा तोच आता बुरुजाचे भक्ष्य झाला होता.

ह्या सर्व इतिहासात एक पहारा मात्र असा आहे की ज्याबद्दल कोणासही लाज वाटण्याचे कारण नाही. बुखारेस्ट शहर लाकडी घरांचे, आणि आगीचे भय नित्याचे, इ. स. १८४७ च्या आगीत शहराचा मोठा भाग भस्म झाला. कोल्त्सा नावाच्या एका जुन्या मनोऱ्यावरून आगीची टेहळणी करीत, तो इ. स. १८८८ मध्ये पाडण्यात आला. मग इ. स. १८९० च्या सुमारास सुमारे ४२ मीटर उंचीचा एक नवा मनोरा बांधण्यात आला. त्याचे नाव ‘फोइशोरुल दे फोक’, म्हणजे आगीचा सज्जा. धूर दिसला की वरून इशारा द्यावयाचा आणि खालून बंब सुटावयाचे. इ. स. १९३५ पर्यंत हे काम चालले. पुढे घरे उंच झाली, दूरध्वनी आला, आणि मनोऱ्यात अग्निशामकांचे संग्रहालय झाले. ह्या पहाऱ्याचा शत्रू मनुष्य नव्हता. मनोऱ्यावरील शिपाई धूर कोणत्या जातीच्या, कोणत्या पक्षाच्या घरावर दिसतो ते पाहत नसे. खरा पहारा ओळखावयाचा असेल तर ही कसोटी पुरेशी आहे असे मला वाटते.

असो. आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत वळू. पहाऱ्याचे नाव मातृकुळातील का नसावे, असे आपण विचारले होते. परंतु रोमानियन भाषेने आईचे काहीच राखले नाही असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. बुरूज गेला, चौकी गेली, पहारेकऱ्याचे नाव गेले; पण जागणे राहिले. लॅटिनमध्ये जागरण करण्यास जे क्रियापद होते, तेच रोमानियन भाषेत ‘वेग्या’ ह्या रूपाने आजही जिवंत आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी आई ज्या क्रियापदाने सांगितली जाते, ते हे. घरी कोणी वारले म्हणजे शेजारीपाजारी दिवा लावून प्रेताजवळ रात्रभर बसतात, त्या जागरणाचा ‘प्रिवेगी’ हा शब्दही त्याच लॅटिन कुळातला. म्हणजे ज्या जागण्यास कोणाचा हुकूम लागत नाही, त्याचा शब्द आईकडून आला आणि टिकला; ज्यास हुकूम लागतो, त्याचे शब्द हुकमाबरोबर आले आणि हुकमाबरोबर जुने झाले.

आपल्या मराठीकडे पाहिले तरी हेच थोड्याफार फरकाने दिसेल. ‘गस्त’ फारसी, ‘हवालदार’ अरबी-फारसी, ‘बुरूज’ अरबी, आणि तो अरबीतही ग्रीकांकडून आला असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. अलीकडचा ‘गार्ड’ तर इंग्रजी. पण ‘जागर’, ‘जागरण’, ‘कोजागरी’ हे शब्द कोणत्याही राज्यात बदलले नाहीत. तापाने फणफणलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवून आपल्या घरातील जी स्त्री रात्र काढते, तिच्या त्या कामास परभाषेतील नाव देण्याची कोणास कधी गरज भासली नाही.

त्या पझवान्तोग्लूचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. इ. स. १८०७ मध्ये तो विदिन येथेच वारला. रोमानियन लोकांनी त्यास शिक्षा केली ती भाषेने. आपण अतिशय जुन्या गोष्टीस ‘बाबा आदमच्या काळची’ म्हणतो, तसे ते ‘काण्या पझवान्त्याच्या वेळची’ असे म्हणतात. ज्याच्या नावाने शहरे ओस पडत, त्याचे नाव आज मोडक्या खुर्चीस आणि विटक्या कोटास लागते. त्याच्या विदिनवरून समोरच्या रोमानियन काठावरील कालाफात गावी जाणारा पूल इ. स. २०१३ मध्ये खुला झाला. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरिया ह्या दोन्ही देशांच्या भूसीमा युरोपातील सामाईक प्रवासक्षेत्रात आल्या, आणि त्या पुलावरून जाणाऱ्यास पारपत्र दाखविण्यासाठी थांबण्याचा जुना नियम उठला. ज्या काठावर रोमनांनी पलिते लावले, तुर्कांनी काराऊला बसविली आणि साम्यवाद्यांनी बंदुका रोखल्या, तेथून आता गाड्या न थांबता पलीकडे जातात. काराऊला हा शब्द कोशात ‘जुना’ ह्या खुणेखाली विसावला आहे, आणि ‘वेग्या’ हे क्रियापद अजून घरोघर रोज रात्री कोणाच्या तरी उशाशी बसलेले आहे.